तांदुल्याचं पाणी, नंदिनीचा चुनखडक

भिलाईत आरओ मशीनचा विषय निघाला की घरात दोन तट पडतात. एक तट म्हणतो, साठ वर्षं नळाचं पाणी प्यालो, काय झालं? दुसरा गीझरची कॉइल काढून समोर ठेवतो. पांढऱ्या पापुद्र्यांनी ती इतकी लिंपलेली असते की आतला धातू दिसत नाही. दोघं एकाच शहरात राहतात, पण एकच पाणी पीत नाहीत. निम्मा वाद इथूनच सुरू होतो.

भिलाई पोलाद कारखान्याचा सोव्हिएत संघाशी करार 2 फेब्रुवारी 1955 ला झाला आणि पहिली झोतभट्टी 4 फेब्रुवारी 1959 ला राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांच्या हस्ते सुरू झाली. कारखाना इथंच का, याची कारणं इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतात: दल्ली-राजहराचं लोखंड, नंदिनीचा चुनखडक, तांदुल्याचं पाणी. यातली शेवटची दोन कारणं आज आपल्या पेल्यात एकमेकांशी भांडताहेत.

तांदुला हे बालोदजवळचं इंग्रजांच्या काळातलं धरण. त्याच्या कालव्याचं पाणी मरोदा तलावांत येतं. कमी पडलं तर महानदीवरच्या गंगरेलचं पाणी कालव्यांनी इकडे वळवतात. मरोद्याहून ते कारखान्याला आणि टाउनशिपच्या सेक्टरांना जातं. महापालिकेच्या नळाला शिवनाथ नदीचं पाणी आहे. ही दोन्ही पाणी मुख्यतः पावसाची, वाहून आलेली. खडकात मुरून बसायला त्यांना फारसा वेळ मिळत नाही, म्हणून ती हलकी. बोअर मात्र दुर्ग-भिलाईच्या पोटातल्या चुनखडकात आणि शेलमध्ये उतरते. पावसाचं पाणी मातीतून झिरपताना कार्बन डायऑक्साइड घेतं, किंचित आंबट होतं, चुनखडक विरघळवतं आणि कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार घेऊन पंपाने वर येतं. जो दगड झोतभट्टीत मळी काढायला लागतो आणि जामुलच्या सिमेंट कारखान्यात दळला जातो, त्याच जातीचा दगड त्या कॉइलवर बसलेला असतो.

आता वाद. यातले मामा आणि भाची मी बेतलेले आहेत. विदर्भातून कारखान्यासाठी इकडे आलेल्या मराठी घरांत हे बोलणं जसं चालतं, तसं ते मांडलं आहे. त्यांच्या घरच्या मीटरवरचे आकडेही उदाहरणादाखल धरा. बाकीची माहिती खरी. मामा टाउनशिपच्या पाणीशुद्धीकरणाच्या कामातून निवृत्त झालेले, राहायला सेक्टर 6 मध्ये. भाची बँकेत नोकरीला. घर जुनवानीकडच्या नव्या कॉलनीत, पाणी बोअरचं.

भाची : मामाजी, तुमच्याकडे चहा घेतला की कळतं, आमच्याकडच्या चहावर ती तेलकट साय का येते ते.

मामा : ती साय चुन्याची. चहातले रंग आणि पाण्यातलं कॅल्शियम एकत्र आलं की तवंग धरतो. त्यानं मरत नाही कुणी.

भाची : मरत नाही, पण तुरीची डाळ पाच शिट्ट्यांनी शिजत नाही. साबणाला फेस येत नाही, नळाच्या तोटीवर पांढरं पुट चढतं, वॉशिंग मशीनचा हीटर दोन वर्षांत गेला. म्हणून आरओ बसवला. मीटर लावला तर बोअर सातशे आणि मशीनमधून पंचावन्न. तुमच्या नळाला दीडशे.

मामा : मीटर काय मोजतो, हे विचारलंस का त्या मशीनवाल्या पोराला?

भाची : टीडीएस. विरघळलेले क्षार.

मामा : क्षारही मोजत नाही. पाण्यातून वीज किती जाते ते मोजतो आणि त्यावरून क्षारांचा अदमास सांगतो. काविळीचा विषाणू त्याला दिसत नाही. आर्सेनिक, शिसं हे लिटरमध्ये मायक्रोग्रॅमच्या हिशोबात असतात, तेही दिसत नाहीत. नळाच्या लाइनीत गटाराचं पाणी शिरलं तरी तुझा तो पेनासारखा मीटर दीडशेचे एकशेसाठ दाखवील, आणि तू ते पिऊन मोकळी होशील.

भाची : मीटरवाल्यानं फक्त आकडा नाही दाखवला. दोन ग्लासांत दोन दोन सळ्या सोडल्या, बटण दाबलं. आमचं पाणी मिनिटभरात तपकिरी-काळं, वर गाळ. मशीनचं पाणी तसंच नितळ. सगळी कॉलनी बघत होती.

मामा : (हसतात) हा खेळ काहून करू देता तुम्ही? त्यातली एक सळी लोखंडाची असते. क्षार असलेल्या पाण्यातून वीज वाहते, लोखंड झिजून पाण्यात उतरतं आणि त्याचा गंज ग्लासात तरंगतो. आरओच्या पाण्यात क्षार अगदी कमी, वीज फारशी वाहत नाही, सळी झिजत नाही. तो गाळ तुझ्या बोअरचा नव्हताच, त्याच्या सळीचा होता. त्याच आरओच्या पाण्यात चिमूटभर मीठ टाकून बटण दाबायला सांग, तेही काळं होईल.

इथं मी मामांच्या बाजूने. हा प्रयोग देशभर दारोदार चालतो आणि चांगली शिकलेली माणसंही त्याला फसतात, कारण गाळ डोळ्यांना दिसतो. चिमूटभर मिठाचा तोडगा लक्षात ठेवण्यासारखा आहे. विक्रेत्याची बॅग लगेच बंद होते. पण त्याचा खेळ खोटा निघाला म्हणून भाचीची तक्रार खोटी ठरत नाही, आणि मामा नेमकी इथंच घाई करतात.

मामा : जड पाणी वाईट नाही, पोरी. भारतीय मानक आहे, आयएस 10500, 2012 चं. त्यात एकूण कठिणपणाची, म्हणजे जडपणाची, इष्ट मर्यादा लिटरला 200 मिलिग्रॅम आणि दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत चालवून घ्या, असं म्हटलंय. टीडीएसचं तसंच, 500 आणि 2000. जागतिक आरोग्य संघटनेनं तर कठिणपणाला आरोग्याच्या कारणावरून मर्यादाच घातलेली नाही.

भाची : मग लोक म्हणतात ते मुतखड्याचं?

मामा : मुतखडा होतो पाणी कमी पिण्यानं. मे महिन्यात इथं पंचेचाळीस अंश होतं, माणूस घामानं सुकतो, लघवी दाट होते. जड पाण्यानं खडे होतात असं ठामपणे सांगण्याइतका पुरावा नाही. उलट मचूळ लागतं म्हणून तू पाणीच कमी प्यालीस, तर मात्र होईल.

भाची : आणि केस गळतात, त्वचा कोरडी पडते?

मामा : साबणाचा चिकटा अंगावर राहतो, त्यानं खरखरीत वाटतं हे खरं. पण ब्रिटनमध्ये इसब असलेल्या मुलांच्या घरी पाणी मऊ करणारी यंत्रं बसवून रीतसर चाचणी केली होती. 2011 मध्ये निष्कर्ष आला, यंत्रानं इसबाला काही फरक पडला नाही. केसांचं तर तेलवाल्यांना विचार.

भाची : बरं. चव, डाळ, साबण, हीटर हे सोडून देते. युरेनियमचं काय?

मामा इथं थांबतात. भिलाईतल्या पाण्याच्या गप्पांमध्ये हा शब्द अलीकडे आला आहे आणि तो उगाच आलेला नाही. दुर्गच्या भिलाई इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या प्राध्यापकांनी केलेल्या तपासणीत दुर्ग, राजनांदगाव, कांकेर, बेमेतरा, बालोद आणि कवर्धा या सहा जिल्ह्यांतल्या काही भूजल-नमुन्यांत युरेनियम मर्यादेच्या बरंच वर सापडलं; 2024 मध्ये त्याच्या बातम्या देशभर झाल्या. मर्यादा आहे लिटरला 30 मायक्रोग्रॅम. काही नमुने 100 च्या पुढे होते. युरेनियमची भीती किरणोत्सर्गापेक्षा मूत्रपिंडाची जास्त. ते खडकातून येतं, कारखान्याच्या धुराड्यातून नाही. नमुने निवडक विहिरींचे-बोअरचे होते, सगळ्या जिल्ह्याचे नव्हेत, हेही तितकंच खरं.

मामा : ते काही गावांत सापडलं. तुझ्या बोअरला आहे हे कुणी सांगितलं?

भाची : नाही असंही कुणी सांगितलेलं नाही. अंबागड चौकीकडच्या कौडीकसाला लोकांना तरी कुठं माहीत होतं? आर्सेनिकचं पाणी दिसायला नितळ, चवीला गोड. जाधवपूर विद्यापीठाच्या लोकांनी नव्वदीच्या शेवटी तपासलं, तोवर हातापायांवर डाग आलेले. आपल्याच शेजारचा भाग तो, पूर्वीचा राजनांदगाव जिल्हा.

मामा : मग तपास ना. मशीन आधी घेतलीस, तपासणी केलीच नाहीस.

भाची : मशीन असताना तपासायचं कशाला? आरओ युरेनियम काढतो, आर्सेनिक काढतो, फ्लोराइड काढतो.

मामा : काढतो. पण तुझ्या मशीनला ती गोड चवीची कळ आहे का? टीडीएस कंट्रोलर?

भाची : आहे. पाणी फार पचपचीत लागत होतं म्हणून त्या पोरानं पंचावन्नचं एकशे ऐंशी करून दिलं.

मामा : कशानं केलं? ती कळ मशीनच्या गाळणाऱ्या पडद्यातून गेलेल्या पाण्यात पडदा टाळून आलेलं कच्चं पाणी मिसळते. म्हणजे तुझ्या बोअरला युरेनियम असेल, तर त्याचा पाचवा हिस्सा तू परत ग्लासात घेतलास. पैसे देऊन काढलेलं, फुकट परत.

हा मुद्दा दुकानात कुणी सांगत नाही. हिशोब सोपा आहे: 55 चं पाणी 180 करायचं आणि कच्चं पाणी 700 चं असेल, तर ग्लासातलं जवळजवळ पाचवा भाग पाणी पडद्यातून गेलेलंच नसतं. क्षार परत मिळतात आणि सोबत जे काही विरघळलेलं असेल तेही. खनिजांची कांडी लावलेली मशीन वेगळी, तिथं खनिजं बाहेरून मिसळतात. कंट्रोलर आणि कांडी यांतला फरक माहितीपत्रकात बारीक अक्षरात असतो. ज्यांनी धोकादायक धातूंच्या भीतीने आरओ घेतला आहे, त्यांनी ही कळ पूर्ण बंद ठेवावी.

भाची : म्हणजे आरओ हवाच, हे कबूल केलंत तुम्ही.

मामा : तुझ्या घरी, तपासणीत तसं निघालं तर. माझ्या घरी काहून हवा? तरी माझा जावई दिवाळीला मशीन घेऊन आला. दीडशे टीडीएसच्या पाण्याला आरओ! 2019 मध्ये राष्ट्रीय हरित लवादानं सांगितलं होतं, जिथं टीडीएस 500 च्या खाली आहे तिथं आरओवर बंदी घाला आणि बाकी ठिकाणी निदान साठ टक्के पाणी परत मिळालं पाहिजे. दुकानं बंद झाली का?

भाची : जावयानं आणलं म्हणून ठेवलंत ना पण.

मामा : ठेवलं. तुझी मामी म्हणाली, वाईट दिसतं.

भाची : मग फुकट जाणारं पाणी मोजता का?

मामा : मोजतो. एका लिटरला तीन लिटर गटारात. पाच माणसांचं पिणं-स्वयंपाक धर वीस लिटर. साठ लिटर गेलं. वर्षाचं जवळजवळ बावीस हजार लिटर, एका घराचं. शहरात माणशी दिवसाला 135 लिटर द्यावं असा नियोजनाचा दंडक आहे. एका माणसाच्या त्या वाट्यातला निम्म्याच्या जवळपास हिस्सा एका मशीनच्या नळीतून गेला. आणि हे पाणी तांदुल्याहून आलेलं, तुरटी घालून निवळलेलं, क्लोरीन दिलेलं.

भाची : आमच्याकडे ते पाणी बादलीत धरतो. फरशी पुसायला, संडासात.

मामा : चांगलं. पण झाडांना घालू नको. सातशेचं पाणी आत गेलं, त्यातले जवळजवळ सगळे क्षार साठ लिटरमध्ये आले; ते पाणी नऊशेच्या वर झालं असणार. तुळस जळेल. आणि गाडी धुतलीस तर काचेवर ठिपके.

पाण्याची उधळपट्टी भिलाईला कमी चटका देते, कारण शहराला धरणांची साखळी आहे. पण याच दुर्ग जिल्ह्यात 1998 साली बोरईच्या औद्योगिक क्षेत्राला पाणी देण्यासाठी शिवनाथचा सुमारे तेवीस किलोमीटरचा पट्टा रेडियस वॉटर या खाजगी कंपनीकडे बावीस वर्षांच्या करारानं गेला होता आणि काठच्या गावांना मासेमारी-आंघोळीवरून अडवणूक सोसावी लागली होती. देशात नदीच्या खाजगीकरणाचं उदाहरण म्हणून ते आजही सांगतात. पाणी मुबलक आहे असं मानणाऱ्या जिल्ह्याचा हा इतिहास आहे. आणि दर उन्हाळ्यात पेयजल परिरक्षण अधिनियम, 1986 खाली नवीन बोअर खोदायला बंदीचे आदेश निघतात, तेही त्याच जिल्ह्यात.

भाची : तुमच्या तांदुल्याच्या पाण्याचं इतकं कौतुक करता, पण पावसाळ्यात टाउनशिपच्या नळाला मटमैलं पाणी येतं त्याच्या बातम्या येतातच ना? आणि पाइप किती वर्षांचे?

मामा : (जरा चिडून) पाइप जुने आहेत. नाही म्हणत नाही. आम्ही प्लांटमधून सोडताना क्लोरीन बरोबर असायचं. पण शेवटच्या घरापर्यंत ते उरलं पाहिजे, लिटरला निदान 0.2 मिलिग्रॅम. आम्ही ओटी टेस्ट करायचो, थेंब टाकला की पिवळं व्हायला हवं. शेवटच्या गल्लीत पिवळं झालं नाही तर समजायचं, मध्ये कुठंतरी घाण शिरतेय. पाणी सुटलं की पाइपात दाब असतो. बंद झालं की पाइप गटारातलं पाणी आत ओढतो. चोवीस तास पाणी नसलेल्या प्रत्येक शहराचं हे दुखणं.

भाची : रायपूरला लॉकडाउनमध्ये, 2020 ला, शेकडो लोकांना कावीळ झाली ती अशीच.

मामा : अशीच. आणि तिथं कुणाचा टीडीएस वाढलेला नव्हता. तुझ्या मीटरनं ते पाणी झक्क पास केलं असतं.

भाची : मग तुमच्या नळाला काय लावायचं? नुसतं उकळून?

मामा : उकळणं सगळ्यांत पक्कं. खळखळ उकळी येऊन मिनिटभर राहिली की जंतू, विषाणू सगळे गेले. तुझ्याकडे उकळलंस तर वर आणखी एक फायदा: बायकार्बोनेटचा चुना खाली बसेल, निम्मा जडपणा जाईल. गार कर, वरचं निवळ ओतून घे.

भाची : वीस लिटर रोज? मे महिन्यात? तुम्ही उकळलंय कधी, की मामीच उकळते?

मामा या प्रश्नाला उत्तर देत नाहीत. मीही त्यांच्या वतीने देणार नाही. पाणी उकळण्याचा सल्ला देणारे पुरुष आणि गॅसपुढे उभ्या राहणाऱ्या बायका, हे मराठी घरातलं जुनं गणित आहे. शिवाय उकळून युरेनियम, नायट्रेट, फ्लोराइड जात नाहीत; पाणी आटतं तसे किंचित दाटच होतात. बोअरच्या पाण्याला उकळणं हे अर्धंच उत्तर आहे, आणि मामांनी ते स्पष्ट सांगायला हवं होतं.

मामा : गाळणी आणि यूव्ही दिवा पुरतो नळाच्या पाण्याला. आधी गाळ धरणारी कांडी, मग कोळशाची, मग दिवा. क्षार जसेच्या तसे राहतात, पाणी फुकट जात नाही. पण पाणी गढूळ असेल तर दिव्याचा उजेड जंतूपर्यंत पोचत नाही, म्हणून पावसाळ्यात कांडी वेळेवर बदलायची. आणि नुसती यूएफची बिनविजेची गाळणी घेतलीस तर जिवाणू अडतील. काविळीचा विषाणू 27 नॅनोमीटरचा, त्याच्यासाठी तिच्यावर भरवसा ठेवू नको.

भाची : आणि आमच्या आरओचं पाणी? त्यात तर काहीच राहत नाही.

मामा : क्लोरीनही राहत नाही. कोळशाच्या कांडीनं ते आधीच खाल्लेलं असतं. मशीनच्या टाकीत पाणी दोन-तीन दिवस पडलं, तुम्ही गावाला गेलात, की त्या टाकीत शेवाळासारखा थर धरायला लागतो. परत आल्यावर ती टाकी एकदा पूर्ण रिकामी करतेस का?

भाची : नाही.

मामा : बघ.

भाची सॉफ्टनरकडे वळते. कॉलनीतल्या सोसायटीने सगळ्या टाकीला एक मोठं यंत्र बसवायचं ठरवलं आहे: राळेच्या मण्यांमधून पाणी जातं, कॅल्शियम-मॅग्नेशियम मण्यांना चिकटतं आणि त्याच्या बदल्यात सोडियम पाण्यात उतरतं. मणी भरले की मिठाच्या पाण्याने धुऊन पुन्हा तयार होतात. टीडीएस जवळजवळ तेवढाच राहतो, पण साबणाला फेस येतो आणि हीटर वाचतो. मामांचा विरोध इथंही आहे आणि यावेळी तो हिशोबी आहे: दर 1 मिलिग्रॅम कठिणपणामागे 0.46 मिलिग्रॅम सोडियम. चारशेचा कठिणपणा काढला तर लिटरला 184 मिलिग्रॅम सोडियम आलं. तीन लिटर पिणाऱ्या माणसाच्या पोटात साडेपाचशे मिलिग्रॅम, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलेल्या दिवसाच्या 2000 च्या मर्यादेचा चौथा हिस्सा नुसत्या पाण्यातून. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या मामांना हा आकडा तोंडपाठ आहे. म्हणून सॉफ्टनर न्हाणीघराच्या आणि वॉशिंग मशीनच्या लाइनीला ठीक, स्वयंपाकघराची लाइन त्यातून जाऊ नये किंवा तिथं पुढे आरओ असावा. सोसायटीच्या सभेत एवढी एक ओळ कुणी वाचून दाखवली तर बरीच कटकट वाचेल. पाइपाला बाहेरून बांधायची चुंबकं विकायला येतात, त्यांच्याबद्दल बोलण्यात वेळ घालवू नये.

भाची : ज्यांच्याकडे मशीन घ्यायला पैसे नाहीत ते पाण्याचे कॅम्पर, म्हणजे मोठे जार, मागवतात. खुर्सीपार, कॅम्पच्या वस्त्या, सगळीकडे.

मामा : कॅम्परचं पाणी गार असतं, म्हणून चांगलं वाटतं. सीलबंद बाटलीला मानक लागतं, उघड्या कॅम्परवर कसला शिक्का असतो? तोही कुणाच्या तरी बोअरचंच पाणी मशीनमधून काढतो. कॅम्पर शेवटचा कधी धुतला ते त्यालाच विचारा.

भाची : खुर्सीपारचं नाव काढलं की मला 2018 चा डेंग्यू आठवतो. पाणी कमी, म्हणून घरोघरी पिंपं आणि कूलर भरलेले.

मामा : झाकण नसलेलं पिंप. तिथं कुठली मशीन काय करणार होती?

या वादात मी कुठं उभा आहे ते सांगतो. सेक्टरच्या किंवा महापालिकेच्या नळाला आरओ लावणं ही चूक आहे, जावयाने आणला असला तरी. तिथला धोका जंतूंचा आहे आणि त्याला कांडी, यूव्ही दिवा आणि झाकलेली, धुतलेली टाकी पुरते. बोअरच्या घरात पिण्यापुरता आरओ रास्त आहे, पण जडपणाच्या भीतीने नव्हे, इथल्या खडकात जे सापडलं आहे त्यामुळे. भाचीची चूक एवढीच की तिने आपल्या पाण्यात काय आहे हे मीटर विकणाऱ्याकडून ऐकलं. आणि मामांची चूक माझ्या मते मोठी: त्यांनी आयुष्यभर सांभाळलेल्या धरणाच्या पाण्याच्या अनुभवावरून सगळ्या शहराला सल्ला दिला, आणि हे शहर आता सेक्टरांपुरतं राहिलेलं नाही. जुनवानी, कोहका, स्मृतीनगरच्या पुढे ज्या कॉलन्या उभ्या राहिल्या, त्यांतल्या किती घरांनी बोअरचं पाणी एकदा तरी प्रयोगशाळेत दिलं असेल?

दुर्गला लोक स्वास्थ्य यांत्रिकी विभागाची, म्हणजे पीएचईची, जिल्हा प्रयोगशाळा आहे. जल जीवन मिशनमध्ये अशा प्रयोगशाळा नाममात्र शुल्कात सामान्य माणसांसाठी खुल्या केल्या आहेत. कठिणपणा, नायट्रेट, फ्लोराइड, लोह आणि जंतूंची तपासणी मागा. युरेनियम आणि आर्सेनिक तिथं होतं का ते विचारा, नसेल तर कुठं होतं तेही विचारा. नमुना देण्याआधी बोअर दहा मिनिटं चालू ठेवा आणि बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळा. जंतूंच्या नमुन्याला मात्र प्रयोगशाळेनं दिलेली निर्जंतुक बाटलीच घ्या, ती विसळू नका, आणि बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा. एक नमुना मे महिन्यात द्या, दुसरा पावसाळा संपल्यावर. मशीन त्यानंतर घ्या.